शाकाचे यश केवळ भाल्याचे होते का?

प्रश्न : आखूड भाल्याचा शोध लावून शाका झुलूने एका लहानशा टोळीचे राज्य उभे केले, असे सांगणाऱ्या चित्रफिती सध्या फार फिरत आहेत. त्यात तथ्य किती? त्याची युद्धपद्धती आपल्या गनिमी काव्यासारखी होती का? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गोष्ट अगदीच खोटी नाही, पण ती भाल्याला नको इतके श्रेय देते.

शाकाचा जन्म १७८७ च्या सुमारास आजच्या दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात झाला. वडील सेंझांगाखोना हे तेव्हा अगदी छोट्या असलेल्या झुलू टोळीचे प्रमुख होते; आई नंदी लांगेनी कुळातली. आईवडिलांचे पटले नाही आणि शाका आधी आजोळी व पुढे म्थेथ्वा लोकांच्या आश्रयाने वाढला. म्थेथ्वांचा राजा दिंगिस्वायो याच्या फौजेत त्याने नाव कमावले आणि १८१६ मध्ये वडील वारल्यावर त्याच राजाच्या पाठबळाने, सावत्र भावाचा काटा काढून, झुलूंची गादी मिळवली. पुढे एक-दोन वर्षांतच न्द्वांद्वे राजा झ्विदे याने दिंगिस्वायोला पकडून ठार केले, आणि पोरक्या झालेल्या म्थेथ्वांना शाकाने आपल्या छत्राखाली घेतले. इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने पेशव्यांच्या सैन्याकडून सोलापूरचा भुईकोट किल्ला घेतला तो मे १८१८ चा काळ, म्हणजे हाच. इथे तोफा निकाल लावत होत्या. तिथे घोडे आणि बंदुका जवळजवळ नव्हत्याच, लढाई पायदळाची होती.

त्या भागातील जुनी लढाई लांबून हलके भाले फेकण्याची असे. शाकाने आखूड दांड्याचा, रुंद पात्याचा भाला सक्तीचा केला. हा भाला फेकायचा नसे, शत्रूच्या अंगाला भिडून भोसकायचा असे. परंपरेने सांगतात ते असे, की सैनिक आपल्या ढालीची डावी कड शत्रूच्या ढालीमागे अडकवून ती बाजूला ओढी आणि उघड्या पडलेल्या बरगडीत पाते घुसवी. हे एकट्यादुकट्याने साधत नाही, त्यासाठी रांग अभेद्य लागते. म्हणून शाकाची व्यूहरचना महत्त्वाची ठरते : मधली ‘छाती’ शत्रूला समोरून अडवी, तरुण पलटणींची दोन ‘शिंगे’ धावत जाऊन दोन्ही बाजूंनी त्याला वेढत, आणि मागची ‘कंबर’ राखीव राही.

मात्र माझ्या मते शाकाचे खरे कसब रणांगणाबाहेर दिसते. एका वयाच्या तरुणांना एकत्र आणून त्यांची पलटण करण्याची रीत दिंगिस्वायो आणि इतर राजांकडेही होती. शाकाने तिला राज्ययंत्रणेचे रूप दिले. निरनिराळ्या गावांतले, कालपरवापर्यंत एकमेकांशी लढणाऱ्या कुळांतले तरुण एकाच शाही छावणीत राहू लागले आणि आपल्या कुळप्रमुखाऐवजी राजाचे झाले. शांततेच्या काळात तेच राजाची शेते कसत, गुरे राखत, छावण्या बांधत. राजाची परवानगी मिळेपर्यंत त्यांना लग्न करता येत नसे आणि ती मिळायला कित्येकदा पस्तिशी उलटून जाई. घरसंसार नसलेला तरुण वर्षानुवर्षे राजाच्या हुकमतीत राही, तो यामुळे. ढालीसुद्धा सैनिकाच्या मालकीच्या नसत. त्या राजाच्या गुरांच्या कातड्याच्या असत, आणि कातड्याच्या रंगावरून व ठिपक्यांवरून पलटण ओळखू येई. एकेका रंगाच्या इतक्या ढाली पुरवायच्या म्हणजे प्रचंड खिल्लारे हवीत, आणि ती येत शेजाऱ्यांकडून लुटून. मोहिमा का थांबत नव्हत्या, याचे एक कारण इथे सापडते.

आता गनिमी काव्याविषयी. मराठ्यांच्या त्या पद्धतीत मोठ्या फौजेशी उघड्या मैदानावरची निर्णायक झुंज टाळून तिची रसद तोडली जाई. शाकाची रचना नेमकी तशी झुंज घडवून आणण्यासाठी होती. तरीही १८१९ च्या सुमारास झ्विदेची फौज पुन्हा चालून आली तेव्हा शाकाने समोरासमोर भिडण्याचे टाळले. झुलूंनी धान्य लपवले, गुरे दूर हाकली आणि शत्रूला ओसाड मुलखातून आत आत खेचत नेले. तो उपाशी आणि दमलेला परत फिरला तेव्हा म्हलाथुझे नदीजवळ त्याला गाठून मोडले. एवढ्यापुरते साम्य जरूर मानावे.

शाकाच्या क्रौर्याच्या कथा मात्र सावधपणे वाचाव्यात. त्यांतल्या बऱ्याचशा पोर्ट नातालला, म्हणजे आजच्या डर्बनला, आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या लेखनातून आल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी नॅथॅनिएल आयझॅक्स याने १८३२ मध्ये हेन्री फिन याला पत्र लिहून झुलू राजांना होईल तितके रक्तपिपासू रंगवण्याचा सल्ला दिला होता. म्हणून शाका मवाळ होता असे नव्हे. ऑक्टोबर १८२७ मध्ये आई वारल्यावर त्याने सक्तीचा शोक लादला आणि त्यात माणसे मारली गेली, असे झुलूंच्या मौखिक परंपरेतही सांगितले जाते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिंगाने आणि म्हलांगाना या सावत्र भावांनी म्बोपा या त्याच्याच सेवकाला हाताशी धरून क्वादुकुझा येथे त्याचा खून केला.

प्रश्न : इंग्रजांचा मोठा पराभव शाकानेच केला ना? — त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न

उत्तर : नाही. शाकाचे इंग्रजांशी युद्ध झालेच नाही; उलट १८२४ मध्ये आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांना त्याने पोर्ट नातालला राहू दिले होते. आपण म्हणता ती इसांडल्वानाची लढाई २२ जानेवारी १८७९ ची, शाकाचा पुतण्या सेत्श्वायो याच्या कारकिर्दीतली. तीत इंग्रजांच्या बाजूची १,३०० हून अधिक माणसे पडली. व्यूह तोच शिंगांचा होता, पण आता झुलूंकडे भाल्यांबरोबर जुन्या बंदुकाही होत्या. त्याच वर्षी ४ जुलैला इंग्रजांनी उलुंडी येथे झुलू सैन्याचा पराभव करून राजधानी जाळली.