अवजार-शंका : टाकी फुटली नाही, नळी तडकली

प्रश्न : आंबा-काजूच्या बागेसाठी घेतलेली ५८ सीसीची चेनसॉ आता आठ वर्षांची झाली. संध्याकाळी टाकी भरून ठेवली की सकाळी खालची फरशी ओली आणि पडवीभर पेट्रोलचा वास. टाकी निम्मी असली तर मात्र गळत नाही. ढक्कनाचं वॉशर बदललं, फरक पडला नाही. मेकॅनिक म्हणतो टाकी फुटली, नवी घाला. खरंच लागेल का?
– एक बागायतदार, लांजा

उत्तर : इतक्यात नको. या आरीची टाकी म्हणजे मागच्या मुठीचाच भाग. ती बदलायची तर अर्धं यंत्र सुटं करावं लागतं. शिवाय निदान तुमच्याच पत्रात आहे. तळाला चीर असती तर टाकी रिकामी होईपर्यंत गळली असती. निम्म्यावर थांबते, म्हणजे वाट वरच्या बाजूला आहे. तिथे दोनच गोष्टी असतात : कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी जिथून बाहेर पडते ते भोक, आणि टाकीत हवा घेणारा व्हेंट.

खात्री करून घ्या. काम अंगणात, उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. प्लगची टोपी काढून ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. त्यामुळे विडी आणि चूल जवळपास नको. टाकी रिकामी करा, भुसा आणि तेलाचा थर ब्रशने धुऊन काढा, कोरडं होऊ द्या. मग नळीच्या भोकाभोवती, व्हेंटवर, ढक्कनाच्या कडेला आणि टाकीच्या जोडावर टाल्कम पावडर भुरभुरवा. टाकी भरून आरी पांढऱ्या पुठ्ठ्यावर अर्धा तास उभी ठेवा, नंतर दोन्ही कुशींवर पाव-पाव तास. पावडर जिथे आधी काळपट ओली होते, तिथेच दोष. पुठ्ठ्यावरच्या डागाला भुलू नका. पेट्रोल टाकीच्या अंगावरून ओघळत भलत्याच कोपऱ्यातून ठिबकतं.

बहुतेक वेळा नळीच सापडते. जुनं रबर कडक होतं आणि भोकाच्या तोंडाशी, जिथे नळी वाकते, तिथे केसाएवढी चीर पडते. सरळ असताना ती दिसत नाही. नळी बोटाने वाकवली की तोंड उघडते. नळी शाबूत असेल तर भोकातली रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, आकसलेली असते.

नवी नळी घेताना जुना तुकडा दुकानात न्या आणि आतला-बाहेरचा दोन्ही व्यास जुळवा. घोटाळा इथेच होतो. कित्येक चेनसॉमध्ये नळीचा बाहेरचा अंगच भोक बंद करतो. नळी जरा बारीक असली की बाजूने पाझरते, आणि मोटरसायकलची जाड नळी कोंबली तर ती भोकात चेपते, मग आरी ताकद घेत नाही. सलाइनची नळी तर मुळीच नको. पेट्रोलमध्ये ती काही आठवड्यांत काडीसारखी कडक होते.

बसवायची रीत : नव्या नळीचं टोक लांब तिरकं कापा, त्याला टूटी ऑइलचा (पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोक इंजिनच्या तेलाचा) थेंब लावा, बाहेरून भोकात सरकवा. ढक्कनाच्या तोंडातून वाकवलेल्या तारेने किंवा लांब तोंडाच्या पक्कडीने टोक पकडून ओढा. तिरका भाग कापून टाका आणि पेट्रोलचा फिल्टर लावा; नळीबरोबर तोही नवाच घालावा. फिल्टर टाकीच्या तळाच्या सगळ्या कोपऱ्यांपर्यंत पोचेल इतकी नळी आत सोडा. कमी पडली तर आरी आडवी धरून कापताना इंजिन बंद पडतं.

आता व्हेंट. तो एकाच दिशेने चालतो : हवा आत येऊ देतो, पेट्रोल बाहेर जाऊ देत नाही. नळीचा तुकडा आणि सिरिंज लावून बाहेरून दट्ट्या दाबा, हवा आत गेली पाहिजे. दट्ट्या ओढा, तो अडला पाहिजे. दोन्हीकडे मोकळा असेल तर व्हेंट बदला. दोन्हीकडे बंद असेल तर गळती होणार नाही, पण पाच-दहा मिनिटांत आरी बंद पडेल आणि ढक्कन सैल केलं की पुन्हा चालेल. अशा वेळी ढक्कनाला भोक पाडायचा उपाय सर्रास केला जातो. आरी कुशीवर वळली की तेच भोक गरम सायलेन्सरच्या शेजारी पेट्रोल सांडतं.

शेवटी टाकी रिकामी ठेवून ढक्कन लावा, नळीचं कार्ब्युरेटरकडचं टोक काढून त्यातून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा, दाब ५ ते ७ पीएसआयच्या वर नको. साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला नाही, तर काम झालं. टाकीच्या जोडावरच बुडबुडा आला तर मात्र तुमच्या मेकॅनिकचं खरं. पेट्रोल मुरलेल्या प्लास्टिकवर डिंक-लांबी टिकत नाही आणि सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं.

प्रश्न : टाकी, नळी कोरडी आहे, एअर फिल्टरखालून पेट्रोल येतं आणि सकाळी आरी ‘ओव्हर’ होते, म्हणजे जादा पेट्रोलमुळे सुरूच होत नाही.

उत्तर : दोष कार्ब्युरेटरच्या नीडलचा, म्हणजे पेट्रोलची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सुईचा. मोटरसायकलसारखा यात फ्लोट नसतो. पडद्याने, म्हणजे डायफ्रामने, हलणारी छोटी पट्टी नीडल उघडते-मिटते. नीडलखाली कचरा अडकला किंवा पट्टी वर वाकलेली राहिली, तर उन्हाने टाकीत चढलेला दाब पेट्रोल सरळ आत ढकलतो. रिपेअर किट आणा, पण उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. मीटरिंगच्या बाजूला, म्हणजे ही पट्टी आणि नीडल असते तिथे, बॉडीला लागून आधी पॅकिंग, त्यावर डायफ्राम. पंपाच्या बाजूला, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या बाजूला, उलट : आधी डायफ्राम, मग पॅकिंग. हा क्रम चुकला की नवं किट घालूनही गळती तशीच राहते. पट्टी बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये चेंबरच्या तळाशी समपातळीत असते, काहींत किंचित खाली. मॅन्युअल बघूनच वाकवा. बसवण्याआधी पेट्रोल येण्याच्या नळकांड्यावर ७ पीएसआय दाब द्या. दाब दाखवणारा काटा स्थिर राहिला पाहिजे. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असेल तर प्लग काढून, स्विच बंद ठेवून, दोरी पाच-सहा वेळा ओढा.

प्रश्न : इथेनॉलच्या पेट्रोलमुळे नळ्या जातात का?

उत्तर : हातभार लागतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या यंत्रांतलं रबर त्यासाठी बनवलेलं नसतं. त्याहून मोठी अडचण कोकणातल्या पावसाळ्याची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पुरेसं पाणी झालं की खाली वेगळा थर बसतो. त्या थरात टूटी ऑइल जवळजवळ नसतं. तो इंजिनात गेला की पिस्टन धरतो. शंका आली तर पारदर्शक बाटलीत ओतून तळ बघा. मिश्रण महिन्याच्या आत संपेल एवढंच बनवा : ५०:१ साठी लिटरभर पेट्रोलला २० मिली टूटी ऑइल, २५:१ साठी ४० मिली. कोणतं, ते आरीच्या पुस्तिकेत असतं. जूनपूर्वी टाकी रिकामी करून मगच आरी माळ्यावर ठेवा.

प्रश्न : बारच्या (साखळी ज्याच्याभोवती फिरते त्या पात्याच्या) खाली रोज थोडा ओघळ दिसतो. हीसुद्धा गळतीच का?

उत्तर : कागदावर दोन थेंब घ्या. उडून गेले तर पेट्रोल, चिकट डाग राहिला तर साखळीचं तेल. काम संपल्यावर बारमधलं थोडं तेल निथळणारच. रात्रीत तेलाची टाकीच रिकामी होत असेल तर तिचाही व्हेंट आणि तेलाची नळी तपासा.