जिम क्लार्कसारखा फॉर्म्युला वनचा कसलेला ड्रायव्हर फॉर्म्युला टूच्या, म्हणजे खालच्या वर्गाच्या, एका साध्या शर्यतीत कसा काय मरण पावला? शर्यत हलक्यात घेतली होती का?

नाही, हलक्यात घेतली नव्हती. टायरच्या चाचण्या हेच माझं रोजचं काम, त्यामुळे या अपघाताबद्दल मी जरा जास्तच वाचलंय, आणि तुमच्या प्रश्नातलं ते ‘हलक्यात’ मला खटकलं.

तारीख 7 एप्रिल 1968, जर्मनीतलं हॉकेनहाइम. तेव्हाचा ट्रॅक जवळजवळ 6.8 किलोमीटरचा, दाट जंगलातून जाणारा. दोन्ही बाजूंना झाडं आणि मध्ये कठडा-बिठडा काही नाही. हवा थंड, रस्ता ओला. क्लार्कच्या लोटस गाडीचं इंजिन सरावापासूनच कुरकुरत होतं, त्यामुळे तो पुढे नव्हताच, मधल्या घोळक्याच्याही मागे एकटा चालला होता. पाचव्या लॅपला गाडी अचानक डावी-उजवी झाली आणि आडवी होऊन झाडांत घुसली. हे प्रत्यक्ष पाहिलं ते ट्रॅकवर लक्ष ठेवणाऱ्या एका मार्शलनं. शर्यत थांबवली नाही, तिचा दुसरा टप्पासुद्धा झाला. क्लार्क 32 वर्षांचा होता.

नंतर अवशेषांची कसून तपासणी झाली. सर्वांत जास्त धरलं जाणारं कारण म्हणजे मागच्या टायरमधली हवा हळूहळू गेली होती. आता कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या ड्रायव्हरला ते कळलं कसं नाही?

माझाच किस्सा सांगतो. मुंबईहून पुण्याला येताना एक्सप्रेसवेवर माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा होता. सरळ रस्त्यावर मला काहीही जाणवलं नाही. खालापूर टोलनाक्याआधी वेग कमी करून लेन बदलली, तेव्हा गाडीची मागची बाजू गाळात पाय सरकावा तशी सरकली. उतरून बघतो तर टायर अर्धाअधिक बसलेला. पंक्चरवाल्यानं साबणाचं पाणी लावलं तर एवढासा बुडबुडा, तोही दम खात येणारा. आणि हा मी, टायरवाला माणूस!

होतं काय, की चाक वेगात फिरत असताना टायरचा स्वतःचाच जोर त्याला बाहेर ताणून धरतो. आत हवा कमी असली तरी आकार बऱ्यापैकी टिकतो. पाय जरा सैल केला किंवा बाजूनं भार आला, की टायरची कड रिमवरून सुटते. ताशी 240 किलोमीटरच्या आसपास हे घडलं तर सावरायला वेळ कुठला? त्यात रस्ता ओला.

क्लार्क गाडीला जपणारा ड्रायव्हर होता, म्हणून हे जास्त लागतं. त्याचे टायर आणि ब्रेक इतरांपेक्षा कमी झिजत. 1963 ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर गिअर सारखा निसटत होता, तर पठ्ठ्यानं एका हातानं गिअरचा दांडा धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंग सांभाळलं. आठव्या जागेवरून सुरुवात आणि त्यात पाऊस, तरी दुसऱ्या आलेल्या ब्रूस मॅक्लारेनपेक्षा जवळजवळ पाच मिनिटं आधी पोचला. स्पा त्याला अजिबात आवडत नसे, पण तिथं तो ओळीनं चारदा जिंकला. फॉर्म्युला वनच्या 72 शर्यतींमध्ये (ग्रां प्री) 25 विजय. 1963 आणि 1965 ला जगज्जेता, शिवाय 1965 ला अमेरिकेतली इंडियानापोलिस 500 ही शर्यतसुद्धा. इतकं करून मूळचा मेंढ्या पाळणारा स्कॉटिश शेतकरी. स्कॉटलंडमधल्या चर्नसाइडला त्याच्या थडग्यावर आधी ‘शेतकरी’ कोरलंय आणि जगज्जेता खाली.

मग तो अशा शर्यतीत गेलाच कशाला? कारण तेव्हा सगळेच जात. आजच्यासारखं फॉर्म्युला वन एके फॉर्म्युला वन असं नव्हतं. जवळपास दर रविवारी कुठं ना कुठं शर्यत असे आणि टीम नेईल तिथं ड्रायव्हर जाई. हॉकेनहाइमला त्याचा सहकारी ग्रॅहम हिलही होताच. गाडी 1600 सीसीची, म्हणून कागदावर ती ‘खालच्या’ वर्गातली. पण वजनाला हलकी होती आणि जंगलातल्या सरळ पट्ट्यांवर भन्नाट पळायची. शर्यत छोटी म्हणायची ती पॉइंटांच्या हिशेबानं. झाडं तर सगळ्यांसाठी तेवढ्याच अंतरावर होती.

त्या वर्षी पुढं आणखी कोणते ड्रायव्हर दगावले तेही पाहा. 7 मे रोजी माइक स्पेन्स इंडियानापोलिसला सरावात गेला. 8 जूनला लुडोविको स्कारफिओत्ती जर्मनीत रॉसफेल्डच्या घाटात, तोही शर्यतीआधीच्या सरावात. 7 जुलैला जो श्लेसर फ्रान्समध्ये रुआँला. क्लार्क धरून तीन महिन्यांत चौघे, आणि त्यात फॉर्म्युला वनच्या शर्यतीत गेला तो एकटा श्लेसर.