बचावपटूचं नाव कधी होणार?

प्रश्न : माझा मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात बचावपटू आहे. कौतुक नेहमी गोल करणाऱ्यांचंच होतं, म्हणून हिरमुसून घरी येतो. त्याला कोणाचं उदाहरण देऊ?
— एक आई, सक्करदरा, नागपूर

उत्तर : ताई, त्याला राहुल भेके दाखवा. मुंबईचा पोरगा, पक्का बचावपटू. २०१९ च्या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर, हेडर (डोक्याने फटका) मारून त्यानेच बंगळुरूला करंडक मिळवून दिला. २०२२ मध्ये मुंबई सिटीकडून खेळताना इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध पुन्हा कॉर्नर, पुन्हा हेडर! २-१. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. व्हिडिओ थांबवून थांबवून पाहू द्या. चेंडू येण्याआधी भेके कुठे उभा होता, हे त्याला दिसलं पाहिजे.

मुंबई सिटीचे तेव्हाचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांनीच पुढे २०२४ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबला लंडनच्या वेम्बली मैदानावर जिंकवून वरच्या श्रेणीत नेलं. प्रशिक्षकांचीही नावं पोरांना पाठ हवीत, असं मला मनापासून वाटतं.

मुलाच्या सरांना सांगा, कॉर्नरला याला पुढे पाठवा. मात्र या वयात हेडरचा सराव थोडाच, आणि हलक्या चेंडूनेच करू द्या.