चमच्यांच्या अंगठ्यांसाठी लेकीची ठेव मोडू का?

कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या एका ताईंचं पत्र आलंय. खासगी शाळेत शिक्षिका आहेत, पगार १८,००० रुपये. जुन्या चमच्या-काट्यांपासून त्या अंगठ्या, कडी, पेंडंट करतात. चार महिन्यांत ६२ नग विकले, सरासरी ३५० रुपयांना. थोडे गावात, थोडे कोल्हापूरच्या प्रदर्शनात, बाकीचे गोव्यात. आता नोकरी सोडून गाळा घ्यायचा (डिपॉझिट १ लाख, भाडं ९,०००) आणि पॉलिशचं मशीन, रोलिंग मशीन (धातूची पट्टी दाबून पातळ करणारं) आणायचं, असा विचार आहे. त्यासाठी सोसायटीत मुलीच्या डिप्लोमासाठी ठेवलेले ४ लाख मोडू का, असं त्या विचारतात. ‘माल भंगारातला, म्हणजे सगळा फायदाच,’ हेही लिहिलंय.

ताई, ठेव मोडू नका आणि नोकरीही इतक्यात सोडू नका. तुमच्या हाताबद्दल शंका नाही. काट्याचे दात वळवून केलेल्या त्या कड्याचा फोटो बघून आमच्या घरातून लगेच मागणी आली! पण ‘सगळा फायदाच’ हे काही मला पटेना, म्हणून तुमचेच आकडे मांडून बघितले.

विक्री २१,७००. चमचे, गॅस, पॉलिश, डब्या यांचे ४,०००, स्टॉलभाडं ४,८००, प्रवास ३,२००. हातात उरले ९,७००. एका नगाला दीड तास म्हणता, म्हणजे ९३ तास झाले. शिवाय सहा दिवस आठ-आठ तास स्टॉलवर बसलात, ते ४८. एकूण १४१ तास. ताशी ६९ रुपये पडले. शाळेचे महिन्याला १५० तास धरले तर तिथे ताशी १२० मिळतात.

गाळ्याचंही तेच. मालखर्च जाऊन एका नगामागे २८५ रुपये राहतात. नुसतं भाडं भागवायला महिन्याला ३२ नग जायला हवेत, आज जातात पंधरा-सोळा. वीजबिल, परवाना, ६० टक्के कन्नड असलेली पाटी हा खर्च अजून धरलेलाच नाही. डिपॉझिट परत मिळतं, कबूल. पण फी भरायच्या महिन्यातच मिळेल का?

रोलिंग मशीन तर मला मुळीच पटत नाही. तुमचं काम अडतंय ते योग्य चमचे मिळण्यावर. भंगारात येतो तो बहुतेक स्टेनलेस स्टीलचा माल. तो स्प्रिंगसारखा उसळतो, वळवताना हात मोडतो. सहज वळतो तो जुना ‘ईपीएनएस’ शिक्क्याचा चमचा. हा शिक्का वाचून पुष्कळ जण चांदी समजतात. आत असतं जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा नुसता मुलामा. (आपल्याकडे ‘जर्मनची भांडी’ म्हणजे ॲल्युमिनियम, त्याच्याशी याचा संबंध नाही.) मुलामा झिजला की निकेल अंगाला लागतं आणि काहींना खाज सुटते. त्यामुळे ‘चांदीची अंगठी’ म्हणून एकही नग विकू नका, चिठ्ठीवर धातू स्पष्ट लिहा. पट्टी दाबून घ्यायची वेळ आलीच तर हुपरी किती लांब आहे? चांदीकामाचं गाव ते, मजुरी देऊन काम करून मिळेल का ते आधी विचारून या. तुमच्याकडे अंगठी गोल करायचा निमुळता दांडा, लाकडी हातोडी आणि छोटी पॉलिश मोटर असली की सध्या पुरे.

आता सीमाभागातली खरी डोकेदुखी. तुमच्यासाठी कोल्हापूर म्हणजे बाजाराचा गाव, जीएसटीसाठी मात्र परराज्य, गोवाही तसंच. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकला तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, राज्याबाहेर विकताना मात्र ती सूट चालत नाही. हाताने केलेल्या ठरावीक वस्तूंना २० लाखांपर्यंत वेगळी सवलत आहे, पण त्याला पॅन आणि ई-वे बिल (माल नेताना काढायचं ऑनलाइन पत्रक) लागतं, माल कितीही थोडा असला तरी. तुमचा माल त्या यादीत बसतो का, हे सीएकडून लेखी घ्या. ऑनलाइन पोर्टलवर बिननोंदणीचं विकायचं तर गिऱ्हाईक कर्नाटकातलंच हवं.

सुरुवातीला ४०,००० रुपयांच्या आत भागवा. मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५०,००० पर्यंत विनातारण मिळतं. मी मात्र सामान सुट्टीतल्या विक्रीतूनच टप्प्याटप्प्यानं घेतलं असतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) फुकट असते, एजंटाला पैसे देऊ नका. दर ३५० वरून ४५० करून बघा. गोव्यात पर्यटक कडं बघून घासाघीस करतील, पण घेतील. अंगठ्या कमी करा, कडी वाढवा. स्टॉलवर तेवढीच जागा लागते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगतो. सोसायटीतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण नसतं. मुदत संपली की ते ४ लाख बँकेत हलवा, फीच्या तारखेआधी संपेल अशा मुदतीनं. आणि पुढच्या मार्चपर्यंत तासांची वही ठेवा; ताशी १२० च्या वर सलग सहा महिने गेलात तर नोकरीबद्दल परत लिहा.