गाठीसाठी केलेल्या रक्ततपासणीत सीए-१२५ नॉर्मल आलं, तरी एएफपी, एलडीएच या आणखी रक्ततपासण्या कशाला?

चोपड्याच्या तुमच्या १७ वर्षांच्या भाचीच्या अंडाशयात गाठ आहे ना, मग या तपासण्या टाळू नका. सीए-१२५ मुख्यतः मोठ्या वयातल्या अंडाशयाच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी. ते पाळीतही वाढतं. या वयात जर्म सेल ट्यूमरची, म्हणजे अंडं तयार करणाऱ्या मूळ पेशींपासून होणाऱ्या गाठीची शंका आधी. त्यात योक सॅक प्रकारात एएफपी वाढतं, डिसजर्मिनोमा प्रकारात एलडीएच. बीटा एचसीजी ही रक्ततपासणीही सांगतील. ते गरोदरपणातही वाढतं, पण म्हणून घरात भलतीच कुजबुज नको!

तपासणीसाठी रक्त ऑपरेशनआधीच द्या. गाठ पूर्ण निघाली तर एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मं होत जातं. आधीचा आकडाच नसेल तर तुलना कशाशी करणार? ऑपरेशन जळगावला आणि पुढची तपासणी नाशिक-मुंबईला होणार असेल, तर शक्यतो लॅब एकच ठेवा.