साहेबांचा खेळ मागवाल्यांचा कधी झाला?

प्रश्न : नातू शाळेतून आला की दप्तर टाकून फुटबॉलला पळतो. माझे वडील म्हणायचे, हा कॅम्पातल्या साहेबांचा खेळ. मग तो गरिबांचा कसा झाला? नुसता एक चेंडू असला की भागतं, म्हणूनच ना?
– एक आजोबा, खासबाग, बेळगाव

उत्तर : तुमच्या वडिलांचं म्हणणं चूक नव्हतं. १८६३ मध्ये लंडनला या खेळाचे नियम लिहून काढले ते शिकल्यासवरल्या, खात्यापित्या घरच्या मंडळींनी. चेंडूचं म्हणाल, तर वडगावात आम्ही मागाखाली पडलेल्या सुताच्या गुंत्यावर चिंध्या आवळून चेंडू करायचो. फुकटच मिळायचा तो. मिळत नव्हती ती सवड.

इंग्लंडातही तेच. तिथल्या कापड गिरण्यांत आठवडाभर काम चाले आणि रविवारी खेळणं धर्माला धरून नसे. १८५० च्या कायद्यानं गिरणीतल्या बायका आणि पोरांना शनिवारी दुपारी दोनला सोडावं लागलं. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषही सुटू लागले. पुढं ही अर्धी सुट्टी इतर धंद्यांतही पसरली. तिथले सामने शनिवारी दुपारी तीनला सुरू व्हायची रीत पडली ती यातूनच. शिक्षक असताना मी हे पोरांना खेळाच्या नियमांआधी सांगायचो.

ब्लॅकबर्न हे विणकरांचं गाव, आपल्या वडगाव-शहापूरसारखं. तिथल्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिक संघानं १८८३ च्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडातल्या फुटबॉल संघटनेच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सना, म्हणजे ईटन या बड्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना, २-१ असं हरवलं. जादा वेळेत विजयी गोल केला जिमी कॉस्टली यानं. तो सूतगिरणीतला कामगार. ईटनवाल्यांचा एक गडी जखमी होऊन बाहेर गेला होता आणि बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, हेही सांगायला हवं. पण त्यानंतर कामगारांचे संघ मागं हटले नाहीत.

मग वाद पेटला पैशाचा. साहेब म्हणत, खेळ हौसेनं खेळावा, पैसे घेणं हलकं. ज्याचा खाडा मांडला जात नाही, त्याला हौस परवडते! कामगार सामन्याला गेला की त्या दिवसाची मजुरी बुडे. अखेर १८८५ मध्ये खेळाडूला पैसे द्यायला मान्यता मिळाली. मला विचाराल तर फुटबॉल गरिबाचा झाला तो त्या वर्षी.

आपल्या देशात तो छावण्यांतून आणि शाळांतून उतरला. १९११ मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागान संघानं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांचे बहुतेक गडी अनवाणी होते. कोल्हापुरात तर कुस्तीच्या तालमींनीच संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार ही नावं तुम्हाला ठाऊक असतीलच.

माझे वडील पॉवरलूमवर होते. त्यांनी माझा खेळ एकदाच पाहिला. दुपारी लाइट गेली, माग थांबले, तसे अंगावरच्या कपड्यांनिशी लेले मैदानावर आले. बनियनला सुताची कुसं तशीच चिकटलेली. मी डावीकडून चेंडू घेऊन निघालो तेव्हा त्यांनी माझ्या नावानं मारलेली हाक मला अजून ऐकू येते. अर्ध्या वेळानंतर पाहिलं, तर ते नव्हते. लाइट आली होती.