घंटा खऱ्या, दोरीचं काय?

प्रश्न : मुख्य याजकाच्या (जुन्या यहुदी मंदिरातल्या मुख्य पुरोहिताच्या) झग्याला घंटा असत आणि त्याच्या पायाला दोरी बांधत, घंटांचा आवाज थांबला की तो मेला असं समजून बाहेर ओढत, असं उपदेशात ऐकलं. हे बायबलात कुठे आहे? – एक वाचक

उत्तर : दोरी कुठेच नाही. मान खाली घालून लिहिते आहे, कारण संडे स्कूलच्या मुलांना ही गोष्ट मीही वर्षानुवर्षं रंगवून सांगितली. पायाची दोरी येते ‘जोहार’ या यहुदी गूढवादी ग्रंथात. तो ग्रंथ पुढे आला तेराव्या शतकात, स्पेनमध्ये. यरुशलेमचं मंदिर तर रोमी सैन्याने इ.स. 70 मध्येच पाडलं होतं.

घंटा मात्र बायबलात, निर्गम या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात आहेत. निळ्या झग्याच्या घेराला सोन्याची घंटा, मग रंगीत सुताचं डाळिंब, पुन्हा घंटा. अहरोन (मोशेचा भाऊ, पहिला मुख्य याजक) आत जाताना आणि बाहेर येताना आवाज ऐकू यावा, म्हणजे तो मरणार नाही, असं तिथे म्हटलंय. आपण हे उलटं करून ठेवलं! आवाज जिवंतपणाची खूण नाही, आवाजच त्याला राखतो. मोठ्यांच्या खोलीत शिरताना आपण दाराशी खाकरतो ना, तसं मी ते वाचते.

शिवाय वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, परमपवित्रस्थानात म्हणजे सर्वांत आतल्या खोलीत जाताना हा झगा नसायचाच. लेवीय 16 प्रमाणे त्या दिवशी साधी तागाची वस्त्रं. (‘ताग’ वाचून गोणपाट आठवू नका, ते जवसाच्या सुताचं लिनन.) मग घंटा वाजणार कुठून?

मी शिवण शिकवायचे, म्हणून माझी नजर झग्याच्या गळ्यावर जाते. फाटू नये म्हणून गळ्याला भोवताली विणलेली काठपट्टी सांगितली आहे. ती हवीच, कारण वस्त्र एका माणसापुरतं नव्हतंच. अहरोनाने ते स्वतः चढवलं नाही. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने त्याला स्नान घातलं, वस्त्रं घातली, डोक्यावर तेल ओतलं. याजकपदाचं हे समर्पण सात दिवस चाललं. पुढे मुलानेही तीच वस्त्रं सात दिवस घालायची होती.

आणि मरणाचंच विचारलंत म्हणून सांगते. गणना 20 मध्ये होर डोंगरावर मोशे अहरोनाची वस्त्रं उतरवतो, त्याचा मुलगा एलाजार याला घालतो. अहरोन मरतो तो त्यानंतर.